कमी सरकारच्या भोईटेबाई

"सरकारने काहीतरी केलं पाहिजे" हे वाक्य भोईटेबाईंसमोर कुणालाही पूर्ण करता येत नसे. 'सरकारने' एवढं तोंडातून बाहेर पडलं की त्या मान किंचित तिरकी करून विचारायच्या, "म्हणजे कोणी? त्याचं नाव काय?" बोलणारा गडबडायचा. नाव कुणालाच माहीत नसायचं. मग बाई समाधानाने चहाचा घोट घ्यायच्या.

मला हा प्रश्न पहिल्याच भेटीत झेलावा लागला. कर्वेनगरातल्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आदल्या संध्याकाळी जोराचा वारा सुटून गुलमोहराची एक मोठी फांदी फाटकासमोर आडवी पडली होती. कुणाचीच स्कूटर बाहेर निघेना. आम्ही पुरुष मंडळी फांदीभोवती गोल उभे राहून तिच्याकडे गंभीरपणे बघत होतो. आपणही काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "महापालिकेत फोन करायला हवा. पाठवतील कुणाला तरी."

"त्याचं नाव काय?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर ठेंगणीशी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात कोयता.

"कुणाचं?" मी विचारलं.

"जो येणार आहे त्याचं." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "नवीन दिसता. धरा तिकडून."

मी फांदी धरली. तरी नवीन माणसाच्या सावधपणाने म्हणालोच, "अहो, पण झाडाच्या फांदीला हात लावायला परवानगी लागत असेल."

"पडलेल्या फांदीला लागत नसावी," कोयता चालवता चालवता बाई म्हणाल्या. "विचारायला मात्र जाऊ नका. विचारलंत तर लागेल."

शकुंतला भोईटे या बाईंची आणि माझी ओळख अशी झाली. त्या आमच्या समोरच्या दारात राहायच्या. सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्यांचं 'कमी सरकार मंडळ' भरायचं. सरकारने न्याय द्यावा, चोर पकडावेत, सीमा सांभाळाव्यात आणि उरलेल्या वेळात लोकांच्या वाटेतून बाजूला व्हावं, एवढं साधं मंडळाचं म्हणणं. या विषयावरची पत्रकं बाई स्वतः लिहायच्या, छापून आणायच्या आणि बुधवार पेठेत पुस्तकं घ्यायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात स्वतःच ठेवायच्या. घेणाऱ्यांपैकी बरेच जण कुठल्या तरी क्लासची जाहिरात समजून घ्यायचे. "असू दे," बाई म्हणायच्या, "उलटून बघतील तरी."

आता माझी पंचाईत अशी, की माझे वडील सदाशिव पेठेतले जुने समाजवादी. आमच्या घरात अंगावर खादी आणि 'कारखानदार' हा शब्द जवळजवळ शिवी. मी स्वतः सरकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झालेलो. हे कळल्या दिवसापासून भोईटेबाईंनी माझं नावच बदललं. जिन्यात भेटलो की हाक यायची, "अहो राष्ट्रीयीकृत, चहा घेता का?"

चहा बाईंचे यजमान, भोईटेकाका, करायचे. काका टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्त झालेले, अतिशय मितभाषी गृहस्थ. आम्ही भांडायला लागलो की ते कप ठेवून आत जायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुमचं काय मत?" ते म्हणाले, "साखर बरोबर आहे का ते सांगा." त्यांचं याहून लांब वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं ऐकलं नाही.

या बाईंचं वैशिष्ट्य असं, की ज्या यंत्रणेवर त्या तुटून पडायच्या तिच्यातच त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. फलटणकडच्या एका खेड्यातून शिकायला त्या पुण्यात आल्या आणि परवाने देणाऱ्या एका कार्यालयात चिकटल्या. लोखंड, तार, पत्रा, सगळं तेव्हा कोट्यावर मिळायचं. कोणी किती माल घ्यायचा, कशाचं काय करायचं, हे कार्यालय ठरवायचं. त्यांच्या टेबलासमोर बाकं होती आणि बाकांवर माणसं. "मला 'नाही' म्हणायचा पगार होता," त्या सांगायच्या. "'हो' म्हणायचं असलं तर वर विचारावं लागे. 'नाही' माझ्या अधिकारात होतं."

त्यांचं मन कशाने फिरलं, ते त्यांनी मला एकदाच सविस्तर सांगितलं. तेव्हा घरोघर रॉकेलचे स्टोव्ह होते आणि बर्नर तुंबला की तो टोचायला बारीक पीन लागायची. नाना पेठेतला एक मनुष्य घरातच दोन यंत्रं टाकून त्या पिना करायचा. त्याने कोट्याबाहेरची तार कुठून तरी मिळवली आणि ठरल्यापेक्षा जास्त पिना केल्या. तक्रार आली. तरुण भोईटेबाई तपासणीला गेल्या. खोलीभर पिनांच्या पुड्या रचून ठेवलेल्या. त्या माणसाने वाद घातला नाही, हातापाया पडला नाही. फक्त म्हणाला, "बाई, नोटीस द्या. पण पिना जास्त झाल्या तर नक्की कुणाचं वाईट होतं, तेवढं मला सांगून जा."

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार? नोटीस दिली. त्याने पिना करायचं सोडून दिलं. पुढे आमच्या घरचा स्टोव्ह तुंबला, तर अख्ख्या पेठेत मला पीन मिळेना." बाई हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "उत्तर मी अजून शोधतेय हो."

नोकरी त्यांनी सोडली नाही. घरात दोघांच्या पगारावर चालणारा संसार होता, सासूबाईंचं आजारपण होतं. पण त्या 'नाही'च्या जागी 'हो' कसं बसवता येईल ते शोधायला लागल्या आणि साहेब लोकांच्या डोळ्यांवर आल्या. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मंडळ काढलं. "एवढा सरकारवर राग, मग पेन्शन कशी चालते?" असं सभेत कुणी ना कुणी विचारायचंच. पुण्यात हा प्रश्न न विचारणारा श्रोता मिळणं अवघड. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "चालते. माझ्याकडून एवढी वर्षं जे करून घेतलं त्याची ती नुकसानभरपाई आहे. अपुरी आहे, पण मी समजूतदार आहे."

वादात त्या कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. एकदा मी इरेला पेटलो. म्हणालो, "बँका सरकारच्या झाल्या म्हणून मी बीडकडच्या एका गावात शाखा उघडायला गेलो. त्या गावात बँकेची पायरी चढलेली बाई नव्हती. आम्ही कुंभारवाड्यातल्या बायकांना पहिल्यांदा कर्ज दिलं. तुमच्या कमी सरकारात ते कोणी केलं असतं?"

"त्या बायकांची नावं आठवतात?"

"आठवतात की. शेवंताबाई, गयाबाई, तिची जाऊ कौसल्या..."

"मग ते सरकारने नाही केलं. ते तुम्ही केलंत."

"पण मला तिथे पाठवलं कोणी?"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.  मग म्हणाल्या, "हा मुद्दा आहे." आणि आत ओरडल्या, "अहो, राष्ट्रीयीकृतांना आज बशीत दोन लाडू जास्त द्या." प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य करून त्याला लाडू देणारं माणूस मी वडिलांच्या मित्रांतही पाहिलं नव्हतं.

महापालिकेच्या एका निवडणुकीत बाई अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह म्हणून त्यांनी कात्री मागितली होती. ती दुसऱ्याला गेली आणि यांच्या वाट्याला रोड रोलर आला. "आयुष्यभर ज्याच्याखाली लोक चिरडले जाताना पाहिले, तेच माझ्या हातात दिलं," असं म्हणून त्यांनी ते चिन्ह स्वीकारलं. विचारांनी मी विरोधी पक्षात, पण शेजारधर्म म्हणून पत्रकांची पिशवी माझ्या खांद्यावर आली.

त्यांची कोपरा सभा ऐकायला लोक मजा म्हणून थांबायचे. रिकाम्या खोक्यावर उभ्या राहून बाई म्हणायच्या, "माझ्याकडे जाहीरनामा नाही. निवडून आले तर मी तुमच्यासाठी काहीही करणार नाही. तुम्हाला करू देईन." टाळ्या पडायच्या, हशा व्हायचा आणि लोक पुढच्या उमेदवाराच्या सभेला वडापाव खायला जायचे.

घरोघर फिरताना तर माझी त्रेधा उडायची. एका बंगल्यातल्या आजोबांनी विचारलं, "आमच्या गल्लीत बाकडं बसवून द्याल का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मी मागून खाकरलो. त्यांनी लक्ष दिलं नाही. "बाकडं तुम्ही बसवा. ते उचलायला कोणी आलं तर मला बोलवा, मी त्यावर बसून राहीन. आणि त्याच्या पाठीवर नाव तुमचं घाला, माझं नको."

 "बाकड्यावर आमचं नाव घालता येतं?" आजोबांनी विचारलं. त्या एका मताबद्दल मला आजही खात्री आहे.

बाई पडल्या. अनामत रक्कम जप्त झाली. मी सांत्वनाला गेलो तर त्या मजेत शेंगा सोलत बसल्या होत्या. "हरण्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण रक्कम सरकारजमा झाली, हे मात्र मनाला लागलं."

इतकं वाचून कुणाला वाटेल, की बाईंचं सगळं काम बोलण्याचं होतं. मलाही तसं वाटायचं. रेखा वानखेडे एका रविवारी मंडळाच्या सभेत आली, तोवर.

रेखा वाशिमची. नवरा कारखान्यात कामाला म्हणून पुण्यात आलेली. शहरात नव्याने सामील झालेल्या एका गावात ती भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौथीपर्यंतची शाळा चालवत होती. मुलं सगळी बांधकामावरच्या मजुरांची आणि आसपासच्या कामगारांची. त्या शाळेला बंद करण्याची नोटीस आली होती. कारण, शाळेला खेळाचं मैदान नव्हतं. नियमाप्रमाणे ते हवं. नसेल तर जूनपासून शाळा भरवायची नाही.

"मॅडम, मैदान कुठून आणू मी?" रेखा म्हणाली. "तिथं जमिनीचा भाव ऐकला तरी चक्कर येते." रडली नाही, पण हातातला रुमाल पिळत होती.

दुसऱ्याच दिवशी बाई मला घेऊन शाळा बघायला गेल्या. शेडमध्ये पाढे चालले होते. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, आणि त्या चित्रांत घरांपेक्षा क्रेन जास्त. दारात एक आई मुलाला सोडायला आली होती. बाईंनी तिला विचारलं, "जवळ फुकटची शाळा आहे. मग फी भरून इथे का घालता?"

ती म्हणाली, "पोरगं आलं न्हाई तर ही बाई घरी बघाया येते. तिथं कोन येतंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांचा तसा काही दोष नव्हता, हे आधीच सांगतो. बाई दारातून आत शिरल्या आणि ते साहेब, इनामदार, ताडकन उभे राहिले. टेबलाला वळसा घालून येऊन बाईंच्या पाया पडले. तरुणपणी ते बाईंच्या हाताखाली कारकून होते, पुढे परीक्षा देऊन शिक्षण खात्यात गेलेले.

"बाई, तुम्ही स्वतः कशाला आलात? बसा."

बाईंनी काम सांगितलं. इनामदारांचा चेहरा उतरला. त्यांनी फाइल मागवली, वाचली आणि मिटली.

"बाई, नाही होणार. मैदान नाही म्हणजे नाही."

"इनामदार, मुलं बघितली आहेत का तुम्ही ती?"

"नाही बघितली." ते संकोचून हसले. "तुम्हीच शिकवलंत ना. नवीन लागलो होतो तेव्हा म्हणाला होतात, नियमात बसतं की नाही ते कागदात बघायचं, माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की निर्णय होत नाही. आजपर्यंत तसंच करतो मी."

 बाई उठल्या, बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मीही शेजारी बसलो.

"अगदी माझ्यासारखा बोलला हो," त्या म्हणाल्या. "आवाजसुद्धा माझाच. तो चांगला मुलगा होता. मी त्याला घडवला." आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्यांना इतकं थकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. 'चला, घरी जाऊ' असं म्हणावं, असं माझ्या मनात आलं.

पण चष्मा डोळ्यांवर चढला तशी बाईंची मान तिरकी झाली. "राष्ट्रीयीकृत, तो म्हणाला मैदान 'नाही'. नियमात काय लिहिलंय? मैदान शाळेच्या मालकीचं हवं, की नुसतं हवं?"

आम्ही परत आत गेलो. इनामदारांनी नियम काढला आणि मोठ्याने वाचला. मुलांना खेळण्यास मैदान उपलब्ध असावे, एवढंच होतं. मालकीचा शब्द नव्हता.

"कागदात बघायचं म्हणालात ना?" बाई म्हणाल्या. "मग बघा नीट. मी मैदान उपलब्ध करते. तुम्ही मात्र ते बघायला स्वतः यायचं. मी चुकीचं शिकवलं होतं. त्यातलं निम्मं आज दुरुस्त करू."

शाळेच्या शेडला लागून बबनरावांचं लग्नाचं लॉन होतं. बबनराव म्हणजे त्या गावचे मूळ शेतकरी. बरीचशी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हिरवळ लावली, कमान उभी केली आणि लग्नं सुरू केली. बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ विचारलं, "तुमचं लॉन मुलांना खेळायला द्याल का?"

बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, लॉन आडवारी रिकामंच पडल्यालं असतंय. कुत्री लोळत्यात त्याच्यावर. पर सरकारी लफडं न्हाई ना काय? उद्या म्हणतील जमीनच द्या शाळंला."

"ते होऊ नये म्हणून तर मी आहे," बाई म्हणाल्या. "तुमची जमीन, तुमची मर्जी. नको वाटलं की बंद करा. तसं लिहून घ्या माझ्याकडून."

"आन् मधीच मुहूर्त आला म्हंजी? नवरा-नवरी दारात आन् पोरं लंगडी खेळत्यात, आसं हाय का?"

"मुहूर्ताच्या दिवशी शाळेला सुट्टी," रेखा घाईघाईने म्हणाली.

"सुट्टी कशाला?" बाई म्हणाल्या. "जेवायला बसवा त्यांना."

बबनराव इतके मोठ्याने हसले की आतून त्यांची सून बघायला आली. लॉन मिळालं.

इनामदार साहेब पाहणीला आले तो दिवस मी विसरणं शक्य नाही. आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं होतं. कमानीवर 'शुभविवाह' तसंच, झेंडूच्या माळा तशाच आणि हिरवळीवर पोरांचा खो-खो रंगलेला. साहेबांना बसायला दुसरं काही दिसेना, म्हणून बबनरावांनी त्यांना स्टेजवरच्या लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या नवरदेवाच्या खुर्चीवर बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून बाई तिच्यात बसल्या. खालून मुलं हसायला लागली. इनामदार आधी अवघडले, मग तेही हसले, मग बराच वेळ नुसते खेळ बघत बसले. एक चिमुरडी स्टेजवर धावत आली आणि त्यांना म्हणाली, "काका, तुमचं लगीन हाय का?"

इनामदारांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "नाही गं बाळा," ते म्हणाले, "तुझी शाळा बघायला आलोय." नोटीस मागे घेतल्याच्या कागदावर त्यांनी त्याच खुर्चीत बसून सही केली.

परतताना रिक्षात मी बाईंना डिवचलं, "शेवटी सरकारी सही लागलीच की."

"लागली ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तर अजून काम शिल्लक आहे."

या शाळेची बातमी पसरली आणि मंडळाला बरे दिवस आले. आयटीतली तरुण मुलं यायला लागली. क्लासची खोली पुरेना. त्यांत अमेय नावाचा एक हुशार, उत्साही मुलगा होता. एका रविवारी तो म्हणाला, "मॅम, आता आपल्याला प्रॉपर स्ट्रक्चर पाहिजे. कार्यकारिणी, उपसमित्या, मेंबरशिपचे रूल्स. मी ड्राफ्ट करून आणलाय." त्याने वाटलेली नियमावली चांगली जाडजूड होती. सभेत कोणी किती मिनिटं बोलायचं, गैरहजर राहायचं तर कोणाला कळवायचं, पत्रकाचा मजकूर कोणी मंजूर करायचा, सगळं तिच्यात होतं.

बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. सगळे वाट बघत बसले. मग त्या म्हणाल्या, "अमेय, फार मेहनत घेतलीस. मंडळ मी आजपासून बंद करते."

एकच गलका झाला. अमेय तर पांढराफटक पडला. "मॅम, आय डिडन्ट मीन... सॉरी! रूल्स कॅन्सल करू!"

"अरे, रागावले नाही मी. तू तुझं मंडळ काढ, तुझ्या नियमांचं. दुसऱ्याने दुसरं काढावं. पटेल त्याने पटेल तिथे जावं. चार मंडळं झाली तर बरंच की. माझ्या परवानगीसाठी कोण थांबलंय?" आणि त्यांनी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिसळ खायला नेलं. अमेयने खरोखरच आपलं मंडळ काढलं. त्याचं आजही बरं चाललं आहे. पहिल्या सभेला बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त बोलल्या म्हणून त्यांना थांबवण्यात आलं. ते त्या मला हसून हसून सांगत होत्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. त्या सकाळीच आमचं वीज मंडळावरून भांडण झालं होतं आणि मुद्दा माझ्या बाजूने अर्धवट राहिला होता.

सोसायटीच्या आवारात आम्ही शोकसभा ठेवली. अध्यक्ष ठेवला नाही. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने उठून बोलायचं ठरलं. रेखा बोलली, इनामदार साहेब बोलले, बबनराव लॉनची गोष्ट सांगता सांगता डोळे पुसत खाली बसले. अमेयने सूचना मांडली, की आपल्या कोपऱ्यावरच्या चौकाला बाईंचं नाव द्यावं, त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा. लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा भोईटेकाका उठले. त्यांना कधी चार माणसांत बोलताना कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे आपोआप शांतता झाली.

"चौक नको," काका म्हणाले. "मंजुरीला वर्षं जातील आणि तोवर ती मला झोपू देणार नाही." लोक हसले. काकाही थोडे हसले. मग म्हणाले, "मला एक सांगायचंय. मी टेलिफोन खात्यात होतो. पक्की नोकरी, क्वार्टर, सगळं. पण मला लहानपणापासून बासरी शिकायची होती. चाळिशी उलटल्यावर ते फारच मनात यायला लागलं. नोकरीत जमेना. एक दिवस धीर करून मी हिला विचारलं, नोकरी सोडून बासरी शिकू का? घरात मुलगी कॉलेजात, आई अंथरुणावर. मला वाटलं, आता ही हिशेब मांडेल, नाहीतर चिडेल."

काकांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"चिडलीच. म्हणाली, 'मला काय विचारता? मी दिवसभर ऑफिसात लोकांना परवानग्या देते, आता घरी येऊन तुम्हालाही देऊ? तुमचे श्वास, तुमची बासरी. शिकायची तर शिका. घराचं आपण दोघं बघू.' त्यानंतर तिने पुन्हा तो विषय काढला नाही. कुठवर आलं, जमतं का, उपयोग काय, काही विचारलं नाही. मी रोज पहाटे टेकडीवर जातो ना, ते फिरायला नाही जात."

आम्हा शेजाऱ्यांना हे काहीच माहीत नव्हतं. काकांनी पिशवीतून बासरी काढली. "मला फारशी येत नाही," ते म्हणाले. "गुरुजींनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण आज वाजवतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, वाईट वाटणार नाही."

काकांनी भूप वाजवायला घेतला. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. सूर मधूनच फाटायचा, श्वास पुरायचा नाही, एकच जागा ते पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि ती पुन्हा पुन्हा हुकायची. काही लोक घड्याळ बघत हळूच उठून गेले. काकांनी त्यांना मानेने नमस्कार केला आणि वाजवत राहिले. उरलेले आम्ही बसून होतो. उन्हं गच्चीवर चढली, वॉचमनने फाटक अर्धवट लोटून घेतलं, काकांची ती जागा एकदा कशीबशी बरोबर लागली आणि ते डोळे मिटून पुढे निघाले.